खाली घेतलेली खुर्ची

थोरलीने खुर्ची खाली घ्यायला नेमकी कधी सुरुवात केली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पार्लरमधल्या त्या खुर्चीला पायाशी एक दांडी होती. पायाने पंप मारला की गिऱ्हाईक वर, दांडी दाबून धरली की गिऱ्हाईक खाली. उजवा खांदा कुरकुरायला लागला तेव्हा थोरलीने हात वर उचलण्याऐवजी गिऱ्हाईकच खाली घेतलं. आधी थोडंसं, मग आणखी थोडं. बाई हुशारच. गिऱ्हाइकांना वाटलं खुर्ची जुनी झाली, आणि घरात तर तिने कुणाला ताकास तूर लागू दिला नाही.

पोस्टात काम करणाऱ्या एक बाई यायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "हल्ली तुमच्याकडे आलं की आरशात माझं कपाळ तेवढं दिसतं. हनुवटी कुठे गेली माझी?"

"हनुवटीवरचे केस थोडेच कापायचेत," थोरली म्हणाली, आणि बाकावर बसलेल्या सगळ्याजणी हसल्या. हसण्यावारी नेण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

खरं तर खुर्चीच्या उंचीचा नियम तिचाच होता. आरशाच्या कडेला एक तडा गेला होता आणि तो झाकायला तिने तिथे फुलपाखराचं स्टिकर चिकटवलं होतं. तिची जाऊ कामाला आली, तेव्हा पहिला धडा हाच: गिऱ्हाइकाचा कान फुलपाखराच्या रेषेत. कान वर गेला तर आपले हात भरून येतात, खाली गेला तर कंबर धरते. जावेला सगळे धाकटी म्हणायचे आणि हिला थोरली, गिऱ्हाइकंसुद्धा. पार्लरमध्ये कापायची खुर्ची एकच, ती थोरलीची. मागे केस धुवायचं बेसिन, ते धाकटीचं. अशी वाटणी कुणी बसून केली नव्हती, पण ती होती, आणि थोरलीला ती फार आवडायची.

एक दिवस वरच्या फळीवरचा रंगाचा खोका काढायला थोरलीने हात उचलला. खोका पुढे आला आणि खांद्यात कट्ट झालं. मग खोका खाली, रंगाच्या ट्यूबा सगळीकडे, आणि थोरली भिंतीला टेकून उभी, पांढरीफटक. गिऱ्हाईक निम्मे केस कापून बसलेलं. धाकटीने हात पुसले, तिच्या हातातून कात्री काढून घेतली आणि उरलेले केस कापून टाकले. थोरलीला दुखण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

डॉक्टरांनी फोटो काढले, हात इकडे तिकडे फिरवून बघितला. "रोटेटर कफ म्हणतात याला," ते म्हणाले. "खांद्याचा गोळा जागेवर धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या दोऱ्या असतात. त्यातली वरची एक फाटलीय."

"फाटलीय ना? मग शिवून टाका," थोरली म्हणाली. "उद्या रिकामीच आहे मी."

डॉक्टर हसले. "शिवता येते. पण शिवल्यावर कित्येक आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात, आणि त्यापुढे कित्येक महिने व्यायाम. तुम्ही पडलात, आपटलात आणि त्यात फाटली असती, तर मी वेगळं बोललो असतो. तुमची झिजत झिजत गेलीय, आणि फाटलंयही थोडंच. आधी तीन महिने नुसता व्यायाम करून बघू. पुष्कळांचं त्यावर भागतं. नाहीच भागलं तर ऑपरेशन कुठे पळून जात नाही."

"आणि व्यायामाने ती जुळेल?"

"जुळेलच असं नाही. पण शेजारचे स्नायू तयार झाले की तिचं काम ते उचलतात."

थोरलीला हे काही पटलं नाही. कापड फाटलं तर शेजारच्या कापडाला व्यायाम देतं का कुणी? घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "डॉक्टरांनी हात वर केले. आणि माझा तर जातच नाही." तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा, दिवसभर पोरांचा कालवा ऐकून आलेला माणूस. तो एवढंच म्हणाला, "तीन महिने गप बसायला जमेल तुला?" या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही माहीत होतं.

घरी बसली तर ती थोरली कसली. दुसऱ्या दिवसापासून ती पार्लरच्या बाकावर येऊन बसली. गिऱ्हाइकांना यायची वेळ द्यायची, फोन घ्यायची, आणि उरलेला सगळा वेळ उंटावरून शेळ्या हाकायची. मागे जरा जास्त राहिलंय बघ. कंगवा बदल. ड्रायर लांब धर, केस भाजशील. डाव्या हाताने टॉवेलांच्या घड्या घालायची, त्या वाकड्या व्हायच्या, मोडून पुन्हा घालायची. उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. बसल्या जागी पाय हलवायची. बाक भिंतीला लागून होता, त्यामुळे तिच्या पायाची टकटक भिंतीतून पलीकडच्या चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानात ऐकू जायची. तो एकदा खरंच विचारायला आला, की काही दुरुस्ती चाललीय का.

"चाललीय," थोरली म्हणाली. "माझी."

धाकटी प्रत्येक सूचनेला "हो ताई" म्हणायची आणि कापत राहायची. तिचं कापणं वाईट असतं तर थोरलीला बरं वाटलं असतं. पण ते वाईट नव्हतं. हळू होतं, पण नीट होतं. आणि धाकटी गिऱ्हाइकांशी बोलायची कमी, ऐकायची जास्त. बायका तिच्यापाशी नवऱ्यांच्या कागाळ्या करायच्या, सासवांच्या करायच्या, आणि जाताना हलक्या होऊन जायच्या. थोरली बाकावरून बघायची आणि हातातली घडी पुन्हा मोडायची. तिला भीती वाटत होती, सरळ साधी भीती. हात परत आला नाही तर खुर्ची गेली. आणि हात परत आला तरी खुर्ची परत मिळेलच असं आता कोण सांगणार? सगळं आयुष्य त्या खुर्चीमागे उभं राहण्यात गेलं होतं. बाकावरची थोरली कोण, हे तिला ठाऊकच नव्हतं.

त्यात केसांची पंचाईत. शेकडो बायकांचे केस बांधलेल्या थोरलीला स्वतःचा अंबाडा घालता येईना. हात मागे जाईचना. नवऱ्याने एकदा प्रयत्न केला. तो अंबाडा नव्हता, गाठोडं होतं. ते डोक्यावर घेऊन ती पार्लरमध्ये आली. धाकटीने नुसती खुर्ची थोरलीकडे वळवली आणि खुर्चीच्या पाठीवर हात थोपटला. थोरली कुरकुरत बसली. धाकटीने गाठोडं सोडलं, केस विंचरले आणि दोन पिनांत घट्ट अंबाडा घातला. त्या दिवसापासून दुकान उघडायच्या आधी हे रोजचंच झालं. दिवसभरात तेवढा वेळच थोरली गप्प बसायची. डोळे मिटून घ्यायची. जावेचे हात डोक्यावर बरे वाटतात, हे मात्र तिने कधी कबूल केलं नाही.

व्यायाम शिकवणारी मुलगी तरणीताठी होती आणि तिच्या टेबलावर रंगीबेरंगी रबरी पट्ट्या लोंबत असायच्या, म्हणून थोरलीने तिचं नाव रबरवाली पाडलं. ती हात लोंबता सोडून हलके झोके घ्यायला लावायची. काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला वर न्यायला सांगायची. भिंतीवरून बोटं कोळ्यासारखी चढवायला लावायची. मग कोपर अंगाला चिकटवून काखेत टॉवेलची गुंडाळी आणि हातात रबर. ओढा, सोडा, सावकाश.

"एवढंच?" थोरलीने पहिल्या दिवशी विचारलं.

"एवढंच, काकू. खांदा कानाकडे न्यायचा नाही आणि अंग वाकवून लबाडी करायची नाही."

"मी कशाला लबाडी करू?"

"सगळे करतात. एक स्नायू थकला की शेजारचा पुढे येतो. येऊ दे, त्याचं कामच आहे. पण सगळंच त्याच्यावर टाकलं तर उद्या तोही कुरकुरतो."

थोरलीने मान डोलावली आणि घरी जाऊन नेमकं उलटं केलं. सकाळ-संध्याकाळ सांगितलेला व्यायाम ती सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि मधूनमधून करायला लागली. रबर दुहेरी करून ओढायला लागली. पार्लरमध्ये दोन फोनांच्या मध्ये बाकाच्या पायाला पट्टी अडकवून ओढायची. दुखलं की तिला वाटायचं, लागू पडतंय. धाकटी आरशातून बघायची आणि म्हणायची, "ताई, जास्त होतंय." की थोरली म्हणायची, "तू तुझी कात्री बघ."

मग व्हायचं तेच झालं. खांदा असा तापला की कूस बदलता येईना, आणि भिंतीवर चढलेली बोटं पुन्हा छातीपाशी आली. रबरवालीने खांदा दाबून बघितला आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"काकू, केसांना रंग लावता ना तुम्ही? अर्धा तास ठेवायचा तो दीड तास ठेवला तर तिप्पट चढतो का?"

"केस जळतात," थोरली म्हणाली.

"मग?"

थोरलीला राग आला, कारण पोरीने तिला तिच्याच भाषेत गाठलं होतं. पण त्या दिवसापासून तिने पट्टी सांगितली तेवढीच ओढली. मनातल्या मनात मात्र ती दिवसाला शंभरदा ओढत होती.

याच सुमाराला धाकटीने स्वतःचे केस कापून घेतले. लांब वेणी होती तिची, कमरेपर्यंत. एक दिवस आली ती मानेवर सुटलेले आखूड केस घेऊन. बाजारातल्या दुसऱ्या पार्लरमध्ये जाऊन कापून आली होती. थोरलीच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. खुर्ची मिळाली तशी हिला नखरेही सुचायला लागले, आणि तेही परक्याच्या दुकानात. "छान दिसतंय," ती तोंडदेखलं म्हणाली. धाकटी म्हणाली, "धुवायला सोपं जातं, ताई." मग ती पुढून बटणं असलेले सदरे घालायला लागली. थोरलीने तेही नखऱ्यांच्या खात्यात टाकलं.

आणखी एक गोष्ट घडत होती, पण तिच्याकडे थोरलीने नीट बघितलं नाही. सकाळी अंबाड्यासाठी खुर्चीत बसताना तिला हल्ली जरा खोल बसल्यासारखं वाटायचं. गुडघे वर यायचे. बाकावर बसून बसून वजन वाढलं असणार, असं ठरवून तिने दुपारची बिस्किटं सोडली.

तीन महिने संपत आले तेव्हा थोरलीचा हात तिच्या डोक्यापर्यंत जायला लागला होता. कपाटातला कप काढता यायचा. ड्रायर अजून जड वाटायचा, पण कंगवा फिरायचा. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, दाबून बघितला, आणि म्हणाले, "ऑपरेशनचं नाव आता नको काढायला. अर्धा दिवस काम सुरू करा. व्यायाम मात्र सोडायचा नाही."

"म्हणजे जुळली?"

"फाटलीय ती फाटलेलीच असेल. शेजारच्यांनी काम उचललंय."

थोरलीला पुढचं ऐकूच आलं नाही. घरी येताना तिने मनात सगळं लावून टाकलं. सोमवारपासून खुर्ची माझी, बेसिन धाकटीचं, पूर्वीसारखं. ती पार्लरमध्ये शिरते तो फोन वाजला. पोस्टातल्या बाई होत्या. "उद्या सकाळी धाकटी आहे ना?" त्यांनी विचारलं. "नाही, तुम्ही बऱ्या झालात म्हणून कळलं, पण माझे केस आता तिच्या हाताला बसलेत."

"आहे," थोरली म्हणाली. फोन ठेवला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. समोर धाकटी टॉवेलांच्या घड्या घालत होती, सरळ, एकावर एक. थोरलीने सोमवारपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं. उद्या पोस्टातल्या बाई गेल्या की स्पष्ट सांगायचं.

दुसऱ्या दिवशी अंबाडा झाला, दुकान उघडलं, पोस्टातल्या बाई खुर्चीत बसल्या. थोरली बाकावर बसून बोलायच्या गोष्टी मनात जुळवत होती, आणि जुळवता जुळवता तिची नजर आरशात गेली. बाईंचा कान फुलपाखराच्या कितीतरी खाली होता. एवढी उंच बाई, आणि फुलपाखराच्या रेषेत होता तिचा भांग.

"खुर्ची वर घे," थोरली म्हणाली. "कान कुठे गेला बघ."

"हो ताई." धाकटीने पंप मारला. खुर्ची वर आली. थोरलीला जरा समाधान वाटलं. ती फोन घ्यायला वळली आणि परत बघते तो खुर्ची पुन्हा खाली.

हे मुद्दाम. थोरली उठलीच. इतके दिवस मनात धरलेलं सगळं आता बाहेर येणार होतं. ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

धाकटी बाईंच्या डोक्यावरची बट उचलत होती. उचलताना तिचा उजवा खांदा कानाकडे चढत होता. कोपर बरगड्यांना चिकटलेलं, आणि हात वर जावा म्हणून ती सगळं अंग डावीकडे वाकवत होती. चेहऱ्यावर हसू होतं आणि ती बाईंना "हो का, मग?" असं विचारत होती. थोरली तिथेच उभी राहिली. ती लबाडी तिला ओळखू येणार नाही तर कुणाला? ती तिचीच होती.

पोस्टातल्या बाईंना तिने दारापर्यंत सोडलं. मग तिने दार लावलं.

"हात वर कर," ती म्हणाली.

"काय झालं, ताई?"

"कर म्हणते ना."

धाकटीने हात उचलला. खांद्याच्या वर गेला न गेला तोच तिचा ओठ दाताखाली आला.

"कधीपासून?"

धाकटीने कात्री पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. "केस कापले ना, त्याच्या आधीपासून. वेणी घालता येईना."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी कात्री हातात घेतली असती," धाकटी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "रबर दुहेरी करून ओढणारी बाई तुम्ही. होता नव्हता तो हात गेला असता. आणि दुकान बंद ठेवलं असतं तर गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली असती. बरं झाल्यावर तुम्ही आला असतात आणि खुर्चीत बसायला कुणी नसतं. तसं झालं असतं तर तुम्ही वेड्या झाला असतात, ताई."

थोरलीला लाज वाटली. तीन महिने ती या मुलीकडे वैरिणीसारखी बघत होती. तिच्या कापलेल्या वेणीला नखरा म्हणत होती. आणि ही तिची जागा गरम ठेवत होती, एकेक बट, दुखऱ्या हाताने.

"माझा अंबाडा," ती म्हणाली. "रोज सकाळी घालायचीस. तो कसा घालत होतीस?"

धाकटीने खाली बघितलं. "खुर्ची खाली घेऊन. सगळ्यात आधी तुमच्यावरच करून बघितलं. म्हटलं, तुम्हाला कळलं नाही तर कुणालाच कळणार नाही."

थोरली बाकावर बसली. "अगं, मी बिस्किटं सोडली," ती म्हणाली.

धाकटीला आधी काही उमगलं नाही. उमगलं तेव्हा तिला हसू फुटलं, आणि थोरलीलाही फुटलं, पण थोरलीचं मध्येच मोडलं आणि ती रडायला लागली. डाव्या हाताने तोंड झाकून, खांदे हलवत. मग खांदा दुखला म्हणून थांबली.

डोळे पुसून ती उठली. "बस," तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. धाकटी बसली. थोरलीने पंप मारायला सुरुवात केली. पायाला काहीच झालेलं नव्हतं, तेवढा तरी कामाचा होता. धाकटीचा कान फुलपाखराच्या रेषेत आला तेव्हा ती थांबली, आणि तिथूनच तिने फोन लावला.

"रबरवाली का? एक पेशंट घेऊन येतेय. नाही, दुसरी. ही ऐकणारी आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "माहीत नाही," थोरली म्हणाली. "फाटलेलं नसू दे म्हणजे झालं. मी बरीच ओझी टाकली तिच्यावर."

फाटलं नव्हतं. सुजलं होतं. रबरवालीने दाबून, फिरवून बघितलं आणि दोघींना समोरासमोर उभं करून सांगितलं, की अर्धा दिवस एकीने कापायचं, अर्धा दिवस दुसरीने. दोघींनीही खुर्चीला लबाडीने हात लावायचा नाही. पायसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी कुलूप काढून आत आली. तिने सवयीने खुर्ची वळवली आणि कंगवा घेतला. थोरली मागोमाग आली. तिच्या डोक्यावर अंबाडा होता. एका कानाकडे कललेला, वर चार केस सुटलेले, पिना जिथे मिळेल तिथे खुपसलेल्या. आपल्या पार्लरमधून असा अंबाडा बाहेर पडला असता तर थोरलीने दुकानाला कुलूप लावलं असतं.

धाकटीने बघितलं. तिला राहवेना. सुटलेले केस आत सारायला तिने हात उचलला.

"हात खाली," थोरली म्हणाली. "वाकडा असू दे. माझा मी घातलाय."